कॉलेजचा खेळ कुणी पाहायचा?

श्रीवर्धनच्या एस. टी. स्टँडवरून पहाटेची मुंबई गाडी सुटते, तेव्हा फलाटावर कोण कोण उभं असतं हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मुंबईच्या इस्पितळात दाखवायला निघालेलं एखादं म्हातारं माणूस असतं, सुक्या मासळीची टोपली असते, सुट्टी संपवून परत निघालेला चाकरमानी असतो आणि त्याला पोचवायला आलेलं सगळं घर असतं. पावसाळ्याच्या दिवसांत या गर्दीत कधी कधी तेरा जणांचा एक घोळका दिसतो. बारा मुलगे, नाही तर बारा मुली, आणि एक मास्तर. प्रत्येकाच्या पाठीला पिशवी, पिशवीत खेळायचे कपडे, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या आणि घरून दिलेली भाकरी. हा कॉलेजचा कबड्डीचा संघ, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघालेला. त्या घोळक्यातला तेरावा माणूस मी कैक वर्षं होतो.

श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला एका कॉलेजात मी शिकवत असे, आणि शिकवणं सांभाळून जिमखान्याचं खातंही माझ्याकडे होतं. तेव्हा कॉलेजातल्या खेळांविषयी बोलायचं, तर मी हिशेबापासूनच सुरुवात करतो. वही ठेवायची सवय लागलेली आहे, ती सुटत नाही.

तेरा माणसं जायची आणि तेरा यायची, म्हणजे सव्वीस तिकिटं. स्पर्धा कुठं भरली आहे त्यावर पनवेलला उतरायचं की मुंबई गाठायची ते ठरतं. पनवेल दीडशे किलोमीटरांच्या आसपास, मुंबई दोनशेच्या आतबाहेर. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यामुळे गाडी किती वाजता पोचेल हे ड्रायव्हरसुद्धा छातीवर हात ठेवून सांगत नसे. पोचायला उशीर झाला आणि संघाचं नाव पुकारून झालं, की समोरच्याला पुढे चाल, आणि आपण आल्या पावली परत. ही जोखीम नको म्हणून पुष्कळदा आदल्या दिवशीच निघायचं. मग एका रात्रीचा मुक्काम आला, दोन वेळचं जेवण आलं, सकाळचा चहा आला.

आणि एवढं करून मिळायचं काय? स्पर्धा बाद पद्धतीची असली, तर हरला तो घरी. पुरुषांचा कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांचा, स्त्रियांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे सव्वीस तिकिटं आणि एक रात्र यांच्या मोबदल्यात हमखास पदरात पडणारा खेळ चाळीस मिनिटांचा. मुलींच्या वाट्याला तीसच. तोही मैदानात उतरलेल्या सातांना. उरलेल्या पाच राखीव गड्यांपैकी एखाद्याला अंगाला माती लावायलासुद्धा मिळत नाही. माती तरी कुठली म्हणा, मोठ्या स्पर्धेत आता सगळीकडे मॅट.

पाहायला कोण असायचं तेही सांगतो. एकदा मी बसल्या बसल्या मोजलं. पंच आणि गुणलेखक सोडून पाहणारी माणसं अकरा. त्यांतली सहा पुढच्या सामन्यासाठी खोळंबलेल्या संघातली, दोन त्या हॉलची झाडलोट करणारी, एक आमच्या एका मुलाचा मुंबईतला मामा, एक समोरच्या संघाचे सर, आणि अकरावा मी. खेळणारे चौदा, पाहणारे अकरा.

आता दुसरं चित्र पाहा. दिवाळी होऊन गेली आहे. भात कापून, झोडून घरात आलं आहे. रात्री अंगावर चादर घ्यावी इतकी थंडी पडू लागली आहे. गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात ढेकळं फोडून, माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार केलेलं आहे. चारी बाजूंनी बांबू आणि पोफळीचे ओंडके रोवून दोर बांधलेला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं आमच्या आगरांतल्या पोफळी आणि माड असे काही लोळवले, की पुढं कुंपणाला, मांडवाला, बसायला ओंडक्यांची वाण म्हणून पडली नाही. दुःखाची गोष्ट खरी, पण त्यांच्यावर बसून माणसांनी कबड्डी पाहिली हेही खरं.

तर अशा मैदानावर पूर्वी गॅसबत्त्या असत आणि त्यांना पंप मारायला एक माणूस मुद्दाम नेमलेला असे. आता विजेचे मोठे दिवे असतात. पावतीपुस्तकं घेऊन गावच्या मंडळानं वर्गणी गोळा केलेली असते, चषक कुणाच्या तरी स्मरणार्थ असतो, पहिलं बक्षीस मुंबईकर मंडळींनी लावलेलं असतं. रात्री जेवणं उरकून सामने सुरू होतात आणि अंतिम सामना संपेपर्यंत कोंबडा आरवायची वेळ होते. बायका लहान मुलांना मांडीवर निजवून बसलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी होडी घेऊन समुद्रात जायचं आहे अशी बंदरावरची माणसंही उठायचं नाव घेत नाहीत. एखाद्यानं शेवटच्या चढाईत तिघांना शिवून लोण चढवला, तर त्याचं नाव सकाळी म्हसळ्याच्या बाजारात पोचलेलं असतं.

आणि श्रोतेहो, गंमत ही की मॅटवर अकरा माणसांपुढं खेळणारा मुलगा आणि शेतातल्या मैदानावर हजार माणसांपुढं खेळणारा मुलगा हा पुष्कळदा एकच असतो. फरक एवढाच, की दिवसा त्याच्या बनियनवर कॉलेजचं नाव असतं आणि रात्री गावचं.

असं का व्हावं, यावर मी पुष्कळ विचार केला. लोकांना कॉलेजच्या खेळाची गोडी राहिली नाही, असं आमच्यातले काही प्राध्यापक म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. खेळ लोकांपासून दोनशे किलोमीटर लांब, कामाच्या दिवशी, भर अकरा वाजता न्यायचा आणि मग लोक येत नाहीत म्हणून त्यांच्याच नावानं बोटं मोडायची, हा कुठला न्याय? खेळाडूला गाडीत बसवून नेता येतं. त्याच्या आईला, त्याच्या चुलत्याला, शेजारच्या दुकानदाराला नेता येत नाही.

यात कुणा एकाचा दोष काढावा असंही नाही. कबड्डी मुळात आपली मातीतली. आपल्याकडे तिला हुतूतू म्हणत. १९२३ साली बडोद्याला अखिल भारतीय सामने भरले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जगाला तिचं दर्शन घडवलं. १९६१ साली विद्यापीठांच्या आणि १९६२ साली शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धांत तिला जागा मिळाली. ही मोठी गोष्ट झाली. पण विद्यापीठाच्या स्पर्धेत एकदा खेळ शिरला, की त्याला वेळापत्रक आलं. संलग्न कॉलेजं शेकड्यांनी, खेळ डझनावारी, आणि परीक्षांच्या आधी सगळं उरकायचं. विद्यापीठाच्या पुढच्या, म्हणजे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला संघ पाठवायचा, तर निवड त्याआधी व्हायला हवी. वेळापत्रक करणाऱ्या माणसाच्या खुर्चीत मला बसवलं असतं, तर मीही बहुधा हेच केलं असतं. फक्त त्या वेळापत्रकात पाहणाऱ्या माणसाला कुठंच रकाना नाही.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा आहे असंही समजू नका. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे केवढा बाजार आहे, हे ऐकाल तर थक्क व्हाल. तिथं काही विद्यापीठांची स्वतःची मैदानं अशी आहेत, की एका वेळी एक लाखाहून जास्त माणूस बसतो, आणि तो तिकीट काढून बसतो. ही विद्यापीठं आपापसांत गट करून खेळतात. त्या गटाला तिथं कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी हे गट साधारण शेजारपाजारच्या विद्यापीठांचे असत, आणि त्यामुळे वर्षानुवर्षांच्या खुन्नशी तयार झालेल्या. पुढं दूरचित्रवाणीच्या कंपन्या सामने दाखवण्यासाठी गटाला पैसे देऊ लागल्या, आणि ज्या गटाला पैसा जास्त त्या गटात शिरायची धावपळ सुरू झाली. २०२४ साली तर कळस झाला. पॅसिफिक महासागराच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या नावानं चालणाऱ्या गटात जाऊन बसली. म्हणजे आपल्या श्रीवर्धनच्या संघानं बंगालच्या उपसागराकाठच्या जिल्हास्पर्धेत नाव घालावं, तशातली गत. त्यातही अंतर आपल्यापेक्षा मोठं. बर्कली ते बॉस्टन चार हजार किलोमीटरांहून जास्त आहे.

यातली मला लागलेली गोष्ट निराळीच. पैसा येतो तो प्रामुख्यानं तिथल्या फुटबॉलमुळे आणि काहीसा बास्केटबॉलमुळे. गट बदलायचा निर्णय झाला तो त्या पैशासाठी. पण निर्णय झाल्यावर व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीही त्याच विमानात बसल्या. ज्यांच्या सामन्यावर कुणी फारसा पैसा लावत नाही, त्यांनीही अभ्यास सांभाळून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं एक तडजोड मंजूर केल्यावर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली, एका विद्यापीठानं एका वर्षात साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत. ज्यांनी घाम गाळला त्यांना दाम मिळावा, यात वावगं काही नाही. पण एवढी रक्कम कुठून तरी काढायची म्हटल्यावर, ज्या खेळांना गर्दी नाही त्यांच्यावर टाच येईल ही धास्ती तिथल्या लहान खेळांच्या शिक्षकांना लागून राहिली आहे. जिमखान्याची वही सांभाळलेल्या माणसाला ती धास्ती लगेच कळते.

तिथलीच आणखी एक हकीकत सांगतो. टेक्सास नावाच्या राज्यात दोन मोठी विद्यापीठं आहेत. एक ऑस्टिनला, दुसरं कॉलेज स्टेशन नावाच्या गावी. दोन गावांमधलं अंतर आपल्या श्रीवर्धन-मुंबईपेक्षा कमी. १८९४ पासून या दोघांचा फुटबॉलचा सामना चालत आलेला, आणि त्यावर घराघरांत वाद. २०१२ साली एक विद्यापीठ दुसऱ्या गटात गेलं आणि सामना बंद पडला. तेरा वर्षं तो झाला नाही. मग ऑस्टिनचं विद्यापीठही त्याच गटात आलं, आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला दोघं पुन्हा समोरासमोर उभी राहिली. ज्या मुलांनी तो सामना खेळला, त्यांनी शाळकरी वयात तो कधी पाहिलेला असण्याची शक्यता थोडीच. तरीपण मैदान भरलं, कारण त्यांच्या बापांनी पाहिला होता.

इतक्या लांब कशाला जायचं म्हणा. आपल्या रणजी करंडकाचं पाहा. वर्षानुवर्षं मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र हे पश्चिम विभागात एकमेकांशी खेळत. १९४९ सालच्या मार्चमध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. तो सात दिवस चालला आणि दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा काढल्या. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि पुण्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठातून निघून तिकडे गेली. म्हणजे गट बदलणं आपल्याकडेही जुनंच आहे. पण मुंबई-पुण्याची खुन्नस टिकली, कारण विभागामुळे गाठ पडत राहिली. २००२-०३ च्या मोसमापासून रणजीतले विभाग गेले, बलवान आणि दुबळे असे गट पडले, आणि मुंबई-महाराष्ट्र ही दरवर्षीची ठरलेली गाठ राहिली नाही. खेळाचा दर्जा त्यानं वाढला असेल, मी क्रिकेटमधला जाणकार नव्हे. शेजाऱ्याशी भांडायची मजा मात्र कमी झाली.

आणि कबड्डीचं म्हणाल, तर २०१४ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगनं मोठं नाव कमावलं, आपल्या कोकणातल्या पोरांना पैसा दिसला, ही आनंदाची गोष्ट. पण त्यातही २०२४ आणि २०२५ या दोन मोसमांत थोड्याच शहरांत सगळे सामने झाले आणि मुंबईच्या संघाला मुंबईत एकही सामना मिळाला नाही. ज्यांच्या हाती एवढा पैसा, त्यांनाही प्रवास आणि मैदानं यांचा खर्च जड होतो. मग आमच्या जिमखान्याच्या फीमध्ये काय होणार?

आता मी माझी स्वतःची चूक सांगतो.

एका वर्षी जिमखान्याच्या पैशांत फार तर तीन संघ बाहेर पाठवता येतील असं दिसलं. मुलांना क्रिकेट हवं होतं. क्रिकेटचं सामान महाग, पण मुलांचा रेटा मोठा, आणि खरं सांगायचं तर मलाही क्रिकेटची हौस. मी क्रिकेट, मुलांची कबड्डी आणि धावण्या-उड्यांच्या स्पर्धा अशी तीन नावं घातली. मुलींची कबड्डी राहिली. त्या मुली पावसापाण्यात रोज संध्याकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात सराव करत असत. क्रिकेटचा संघ गेला, पहिल्याच सामन्यात दुपारच्या आत गारद झाला आणि परत आला. पुढच्या आठवड्यात मुलींची कप्तान माझ्याकडे आली. मला वाटलं ती रागावली असेल. तिनं फक्त विचारलं, "सर, अहवालात आमच्या नावापुढं काय लिहिणार? हरलो असं तर लिहिता येणार नाही. आम्ही गेलोच नाही ना."

मी अहवालात काहीच लिहिलं नाही. ती मुलगी त्याच वर्षी पदवीधर होऊन गेली. लग्न होऊन ती पनवेलकडे असते असं कळलं. तिचा सामना मी कधी पाहिला नाही. तिच्या आईबापांनीही नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी करायला लागलो. पहिली म्हणजे, संघ निवडताना हौस बाजूला ठेवून दर खेळापुढं किती मुलांना किती मिनिटं खेळायला मिळणार आणि दर मिनिटाला काय खर्च पडणार, हे मांडायला लागलो. हिशेब रूक्ष आहे, पण त्यातून विचित्र गोष्टी दिसतात. उदाहरणार्थ, १७ मार्च २०२३ पासून एस. टी.नं बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. तेव्हापासून मुलींचा संघ मुलांच्या संघाच्या जवळजवळ निम्म्या प्रवासखर्चात जाऊ लागला. जानेवारी २०२५ मध्ये भाडं सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेव्हाही त्यांचं निम्मंच राहिलं. "मुलींचा संघ परवडत नाही" हे वाक्य जिथं जिथं अजून बोललं जात असेल, तिथल्या शिक्षकांनी कृपा करून एकदा तिकिटांची बेरीज करून पाहावी.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. आमच्या भोवती म्हसळा आहे, गोरेगाव आहे, माणगाव आहे, दिघीची खाडी ओलांडली की आगरदांड्यावरून मुरूड आहे. या गावांतल्या कॉलेजांची मुलं आमच्या मुलांना रात्रीच्या गावस्पर्धांमुळे नावानिशी ओळखत. कॉलेज म्हणून मात्र आम्ही एकमेकांशी खेळत नव्हतो. विद्यापीठाच्या सोडतीत गाठ पडली तर पडली, आणि तीही दोघांनी दीडशे किलोमीटर जाऊन पनवेलला. म्हसळ्याहून श्रीवर्धन पंचवीसेक किलोमीटर. आम्ही दोघांनी भेटायला पनवेलला जायचं, याचं तेव्हा कुणालाच हसू आलं नाही.

मी शेजारच्या कॉलेजातल्या माझ्यासारख्याच एका खेळाच्या मास्तरांना फोन केला. म्हटलं, डिसेंबरात तुमच्या मुली घेऊन या, चषक नाही, बक्षीस नाही, जेवण आमच्याकडे. ते म्हणाले, "साहेब, परवानगीचं कसं?" मी म्हटलं, दोन प्राचार्यांच्या दोन चिठ्ठ्या, आणखी काय? हॉल नव्हता, मॅट नव्हती. गावच्या मंडळानं आपल्या स्पर्धेसाठी केलेलं मैदान तयारच होतं, ते त्यांनी एका संध्याकाळसाठी दिलं. पंच म्हणून त्याच मंडळातले एक जुने खेळाडू उभे राहिले. दुपारी साडेचारची वेळ ठेवली, म्हणजे आगरातलं शिंपण उरकून बायका मोकळ्या होतात, शाळा सुटलेली असते आणि लांबच्या वाडीवरच्या माणसांना काळोखाच्या आत घरी पोचता येतं.

किती माणसं जमली, ते मी त्या दिवशी मोजलं नाही. मोजता आलं नसतं. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी शेवटचा तास सोडून दिला होता, त्यामुळे पोरांचीच दाटी झाली. आमच्या संघातल्या एका मुलीची आई मासळी विकून परत जाताना टोपलीसकट थांबली. आपली लेक मैदानात उतरते म्हणजे नक्की काय करते, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लेक चढाईला गेली आणि पकडीत आडवी झाली तेव्हा ती माउली "अगो, उठ गो, उठ!" म्हणून अशी ओरडली, की पंचांनीही मान वळवली. आम्ही तो सामना हरलो. आमच्या मैदानावर आम्ही हरलो आणि सगळ्या गावानं पाहिलं. पुढच्या वर्षी सरावाला येणाऱ्या मुलींची संख्या दुपटीच्या वर गेली.

खर्च? पाहुण्यांचं जेवण, सरबत, चुन्याची फक्की आणि एक नवी शिट्टी. पुढं आम्ही चार गावांची साखळीच केली. साखळीत हरणाऱ्यालाही तीन सामने मिळतात. तीन सामने म्हणजे मुलींना नव्वद मिनिटं, मुलांना दोन तास, आणि बारा जणांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी उतरवता येतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. शेजाऱ्याशीच खेळत बसलात तर मुलं मोठी कशी होणार? मॅटवर पाय कसे टाकायचे, बूट घालून चढाई कशी करायची, तीस सेकंदांचं घड्याळ डोक्यात कसं ठेवायचं, हे बाहेर गेल्याशिवाय कळत नाही. शिवाय नोकरीच्या जाहिरातीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, तिथं विद्यापीठाचं प्रमाणपत्र मागतात, चार गावांच्या साखळीचं कोण विचारतो? हे सगळं मला मान्य आहे. म्हणून विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणं आम्ही सोडलं नाही, सोडूही नये. आदल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांशी सहा-सहा सामने खेळून जो संघ जातो, तो पहिल्या फेरीत बावरत नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो. सव्वीस तिकिटांत चाळीस मिनिटांऐवजी ऐंशी मिनिटं, क्वचित एकशेवीस मिनिटं पदरात पडू लागली, हेही वहीत आहे.

दुसरी एक गोष्ट लोक हटकून विचारतात. कोकणाला वेगळं विद्यापीठ झालं तर हा प्रवासाचा प्रश्न सुटेल का? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई विद्यापीठाखाली येतात आणि वेगळ्या कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून होत असते. सिंधुदुर्गातल्या मुलाला त्याचा उपयोग होईलही. त्याचं मुंबईपासूनचं अंतर पाहिलं तर त्याचं म्हणणं सहज समजतं. आमचं मात्र तसं नाही. विद्यापीठ रत्नागिरीला झालं, तर आम्ही त्याच्या उत्तर टोकाला येऊ, आणि बाणकोटची खाडी, घाट, वळणं असं सगळं ओलांडून रत्नागिरीही आम्हांला काही जवळ पडत नाही. वर मुंबईच्या तगड्या कॉलेजांशी खेळायची संधी जाईल ती निराळीच. गट बदलला म्हणजे अंतर कमी होतं, असं नकाशा न पाहता म्हणू नये. कॅलिफोर्नियाच्या मुलींना विचारा.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. तुमच्या शाळेचं मैदान बहुधा गावच्या मधोमध असतं, आणि कॉलेजचं, असलंच तर, गावाबाहेर माळावर. तुम्ही एक संध्याकाळ मैदान दिलंत, तर कॉलेजच्या मुलांचा खेळ तुमच्या सातवी-आठवीच्या पोरांना फुकट पाहायला मिळेल. धडा शिकवल्यासारखं त्यांना काही सांगत बसू नका. त्यांना दोराच्या कडेला बसू द्या. आणि गावच्या मंडळांना सांगायचं, तर तुमची रात्रीची स्पर्धा सुरू होण्याआधी त्याच मैदानावर, त्याच दोरात, संध्याकाळी एक कॉलेजचा सामना बसतो. दिव्यांचं वीजबिल वाढत नाही आणि तुमच्या पहिल्या सामन्याला गर्दी आधीपासून जमलेली मिळते.

यंदाच्या साखळीत मुरूडची मुलं आमच्याकडे यायची आहेत. त्यांची अडचण एकच, दिघीहून आगरदांड्याला परत जाणारी शेवटची बोट चुकता कामा नये. सामना साडेचारऐवजी साडेतीनला ठेवावा असं त्यांचं म्हणणं आहे, आणि साडेतीनला आमच्या बायका आगरातून सुटत नाहीत असं आमच्या गावकीचं म्हणणं आहे. मी म्हटलं, मुलांना रात्री इथंच ठेवून घेऊ. दोन घरांनी चार-चार मुलांची सोय करायचं कबूल केलं आहे. अजून पाच माणसांची राहिली आहे, त्यांचे मास्तर धरून. श्रीवर्धनच्या आसपासचे कुणी श्रोते ऐकत असतील आणि ओटीवर जागा असेल, तर जिमखान्यात निरोप ठेवावा.